लाळेतील आकडे आणि मानेतील गाठी : मुखविकृतिशास्त्र विभागांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शासकीय व खासगी दंत महाविद्यालयांच्या मुखविकृतिशास्त्र विभागांचे प्रमुख, पदव्युत्तर मार्गदर्शक आणि संशोधन प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

विषय : तोंडाच्या कर्करोगाच्या प्रसारातील दाहकारक संदेशप्रथिनांवरील पदव्युत्तर संशोधनाला सामाईक दिशा देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

एमडीएस या दंतवैद्यकातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नव्या तुकडीचे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधांचे आराखडे, लवकरच आपल्या टेबलावर येतील. त्यांतील अनेकांची शीर्षके न वाचताही सांगता येतील, इतकी ती ओळखीची झाली आहेत. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लाळेतील इंटरल्युकिन-६ ची पातळी, इंटरल्युकिन-८ ची पातळी, टीएनएफ-आल्फाची पातळी, आणि या सर्व दाहकारक प्रथिनांची निरोगी व्यक्तींशी तुलना. तीस-चाळीस रुग्ण, तितकेच निरोगी लोक, प्रथिने मोजणारी एक एलायझा किट आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष : रुग्णांमध्ये पातळी लक्षणीय वाढलेली आढळली. प्रबंध बांधला जातो, ग्रंथालयात जातो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात तोच प्रश्न नव्याने विचारला जातो.

ही पातळी वाढते हे आपल्याला ठाऊक आहे. लॉस एंजेलिसमधील संशोधकांनी २००४ सालीच तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लाळेत इंटरल्युकिन-८ आणि रक्तात इंटरल्युकिन-६ वाढलेले असल्याचे प्रसिद्ध केले होते. तेव्हापासून तेच पुन्हा पुन्हा सिद्ध होत आले आहे. रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न यापुढचा आहे. आज ज्याच्या मानेला हात लावून काहीही लागत नाही, त्याच्या मानेतील लसिका ग्रंथींमध्ये कर्करोग पोहोचला आहे किंवा पोहोचणार आहे, हे ही प्रथिने आपल्याला सांगू शकतात का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लागणारे रुग्ण, ऊती आणि हात महाराष्ट्रात जितके आहेत तितके जगात फार थोड्या ठिकाणी असतील. ते विखुरलेले आहेत, म्हणून हे पत्र.

रुग्णांची संख्या आपण रोजच पाहतो, तरीही एकदा नोंदवते. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण एका वर्षात आढळले आणि जवळजवळ ८० हजार जण त्याने मरण पावले. जगभरातील नव्या रुग्णांचा आकडा ३ लाख ९० हजारांच्या आसपास होता. म्हणजे जगातील तीनपैकी एकाहून अधिक रुग्ण एकट्या आपल्या देशातील आहेत. प्रौढांच्या तंबाखू वापराचे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१६-१७ मध्ये झाले, त्यात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, घरोघरी मिश्री, आणि ज्याला कोणी व्यसन मानतच नाही ती जेवणानंतरची सुपारी. जुलै २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण ती अमलात किती आली हे आपल्या बाह्यरुग्ण विभागातील खुर्चीवर बसलेल्या माणसाचे तोंड उघडल्यावर कळतेच.

या सवयींचा प्रसाराशी असलेला संबंध पाहण्यासाठी स्लाइडपासूनच सुरुवात करायला हवी, कारण या विषयात आपल्या शाखेजवळ जे आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नाही. गालाच्या कर्करोगाची स्लाइड कमी वर्धनाखाली लावली की गाठीचा मधला भाग बहुधा शिस्तीत दिसतो. पेशींची मोठी बेटे, मध्ये केराटिनचे गुलाबी मोती, बेटांच्या कडा बऱ्यापैकी गुळगुळीत. स्लाइड सरकवत गाठीच्या पुढच्या कडेला, गालाच्या स्नायूपर्यंत गेलो की चित्र बदलते. बेटे फुटून दोन-चार पेशींचे पुंजके झालेले असतात, काही पेशी एकेकट्या स्नायूच्या धाग्यांमधून वाट काढत असतात, एखादा पुंजका मज्जातंतूला वेढा घालून बसलेला असतो. आणि याच कडेवर दाहपेशींची दाटी असते : लिम्फोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, आणि त्यांच्या मधोमध लांबट केंद्रकांचे, कामाला लागलेले फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीतील तंतू तयार करणाऱ्या पेशी. ज्या जागी गाठ पसरते त्याच जागी दाह सर्वांत जास्त बोलका असतो. कर्करोगाच्या ऊतीत पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच लिहून ठेवले होते. त्या तिथे काय करतात, हे मात्र गेल्या तीसेक वर्षांत उलगडले.

सुपारी, चुना आणि तंबाखू यांच्या सततच्या माऱ्याने गालाच्या आतील आवरणाच्या पेशींना इजा होते आणि त्या पेशी मदतीसाठी संदेश सोडतात. हे संदेश म्हणजेच सायटोकाइन व केमोकाइन या नावांनी आपण ओळखतो ती छोटी प्रथिने. पेशीच्या आत एनएफ-कॅपा-बी नावाचा नियंत्रक जागा होतो, केंद्रकात शिरतो आणि इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ व टीएनएफ-आल्फा यांची जनुके चालू करतो. इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिलना बोलावून आणते. आलेल्या पेशी टीएनएफ-आल्फा व इंटरल्युकिन-१ सोडतात आणि ती प्रथिने आवरणाच्या पेशींतील एनएफ-कॅपा-बीला पुन्हा चेतवतात. दाढ काढल्यानंतरच्या जखमेत हेच सर्व घडते आणि काही दिवसांत शांत होते. खर्रा खाणाऱ्याच्या गालात ते शांत होण्याआधीच पुढची पुडी येऊन पडते आणि हे वर्षानुवर्षे चालू राहते. २०११ मध्ये हॅनहन आणि वाइनबर्ग यांनी कर्करोगाची लक्षणवैशिष्ट्ये नव्याने मांडली, तेव्हा अर्बुदाला पोसणाऱ्या दाहाला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले, ते याच प्रकारच्या पुराव्यांवरून.

गाठ तयार झाल्यावर हेच संदेश तिच्या उपयोगी पडतात. इंटरल्युकिन-६ आपल्या ग्राहकाला व जीपी-१३० या जोडीदाराला चिकटते, जॅक नावाची विकरे (एन्झाइम) चेतवली जातात, ती स्टॅट-३ ला चेतवतात आणि स्टॅट-३ केंद्रकात जाऊन स्नेल व ट्विस्ट यांसारख्या नियंत्रकांना काम देते. परिणामी ई-कॅधेरिन हे शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिन कमी होते आणि पेशी सुटी होऊन सरकू लागते. तिच्यापुढचा रस्ता मोकळा करण्यासाठी एमएमपी गटातील विकरे आधारपटल व कोलॅजन विरघळवतात, आणि ही विकरे केवळ कर्कपेशीच नव्हे तर शेजारचे फायब्रोब्लास्ट व मॅक्रोफेजही पुरवतात. इंटरल्युकिन-८ नव्या रक्तवाहिन्यांना चालना देते. व्हीईजीएफ-सी लसिकावाहिन्यांची वाढ करते. सीसीआर-७ हा ग्राहक अंगावर मिरवणाऱ्या कर्कपेशींना लसिका ग्रंथींतून येणारा संदेश ओळखता येतो आणि त्या त्या दिशेने जातात. लिम्फोसाइट रोज ज्या वाटेने ग्रंथीत परततात, तीच ही वाट आहे.

टीजीएफ-बीटा या संदेशप्रथिनाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्याच्याबद्दल आपल्या प्रबंधांत सर्वांत जास्त गोंधळ दिसतो. सुरुवातीच्या टप्प्यावर ते आवरणाच्या पेशींची वाढ रोखते, पुढच्या टप्प्यावर त्याच पेशींना सुटे होऊन घुसायला मदत करते आणि टी-पेशींना गप्प बसवते. म्हणून नुसती पातळी मोजून ते चांगले की वाईट हे ठरत नाही, ते कोणत्या टप्प्यावर, कोणत्या जागी आणि कोणत्या पेशींच्या शेजारी आहे हे पाहावे लागते. २०१७ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी तोंडाच्या पोकळीच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांमधील सुमारे सहा हजार पेशी एकेक करून वाचल्या. गाठीच्या पुढच्या कडेवरील काही पेशी आवरणपेशींचे गुण पूर्णपणे न टाकता अर्धवट बदललेल्या स्थितीत असतात, त्या फायब्रोब्लास्टच्या निकट असतात, आणि ज्या गाठींत अशा पेशींची छाप अधिक असते त्यांत मानेतील ग्रंथींचा प्रसार अधिक आढळतो, हे त्यांनी दाखवले. आपण रोज पाहतो तीच ती कड. मात्र आपले प्रबंध ती सोडून लाळेच्या नळीकडे वळतात, कारण लाळ सहज मिळते.

आपल्याकडील कर्करोगाची जागाही वेगळी आहे. पाश्चात्त्य देशांत जिभेचा कर्करोग अधिक, आपल्याकडे गाल, हिरडी आणि त्यांच्यामधील खोबणीचा, म्हणजे नेमका जिथे तंबाखूची गोळी धरून ठेवली जाते तिथला. या जागेपासून खालच्या जबड्याचे हाड काही मिलिमीटरच दूर असते. कर्करोग हाडात शिरतो तेव्हा हाड खाणाऱ्या पेशी बहुतेक वेळा कर्कपेशी नसतात, त्या रुग्णाच्या स्वतःच्या ऑस्टिओक्लास्ट असतात. इंटरल्युकिन-६, टीएनएफ-आल्फा आणि पीटीएचआरपी या प्रथिनांच्या प्रभावाने ऑस्टिओक्लास्टना चेतवणारे रँक-लिगँड वाढते, ऑस्टिओक्लास्ट जाग्या होतात, हाड झिजते आणि गाठीला जागा मिळते. अर्धा जबडा काढावा लागलेल्या रुग्णाचा नमुना आपल्याकडे येतो, तो डिकॅल्सिफाय करून, म्हणजे हाडातील क्षार काढून, आपण हाडाची बाधा आहे किंवा नाही एवढे लिहितो. त्या सीमेवर ऑस्टिओक्लास्टची रांग होती की कर्कपेशी थेट मज्जेत पसरल्या होत्या, हे फारच थोड्या अहवालांत लिहिलेले असते. ही नोंद करायला एकही रुपया जास्तीचा लागत नाही.

गालाच्या आतील आवरणाचे तंतुमयीकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातील ओएसएमएफ, हा तर दाहाचा आणि टीजीएफ-बीटाचा सर्वांत जवळचा, सर्वांत आपला आजार. १९५२ मध्ये श्वार्त्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यावर लिहिले. सुपारीतील अरेकोलिन टीजीएफ-बीटाचा मार्ग चेतवते, सुपारीतील तांबे कोलॅजनचे धागे घट्ट विणणाऱ्या विकराला बळ देते, आणि तरुण पोराचे तोंड हळूहळू दोन बोटे शिरण्याइतकेही उघडेनासे होते. एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला, त्यांतील ७.६ टक्के रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला. १७ वर्षे, हे मी मुद्दाम सांगते आहे. तो अभ्यास आजही जगभर उद्धृत होतो तो महागड्या किटमुळे नव्हे, तर कोणीतरी त्या रुग्णांकडे पुन्हा पुन्हा गेले म्हणून. सुपारीत तंबाखू नसली तरी ती कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. त्यामुळे तंबाखू न खाणाऱ्या, फक्त सुपारी चघळणाऱ्या रुग्णांमध्ये दाहाचा मार्ग वेगळा काढून पाहण्याची संधीही आपल्याकडेच आहे.

आता मानेच्या प्रश्नाकडे येते. टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी जगभरची उपचारपद्धती बदलली. सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाचा कर्करोग आणि तपासणीत निर्दोष वाटणारी मान असलेल्या रुग्णांमध्ये मानेच्या ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. गाठ दिसल्यावरच मान उघडण्याचे धोरण ठेवले, तेव्हा ते प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणून आज आपले शल्यचिकित्सक निर्दोष वाटणारी मानही उघडतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच चाचणीत ज्यांची मान आधीच उघडली गेली, त्यांतील सुमारे ३० टक्के रुग्णांच्याच ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सापडला. उरलेल्या दहापैकी सात जणांनी मानेवरचा लांब व्रण आणि अनेकदा खांद्याची दुखणी पत्करली, कारण ते कोणत्या गटात आहेत हे आधी सांगण्याचे साधन आपल्याजवळ नव्हते. मज्जातंतूला ओढ बसली तर माणसाला हात खांद्याच्या वर नेता येत नाही, मग माळ्यावरचा डबा उतरवता येत नाही आणि मजुरी करणाऱ्याला पाटी उचलता येत नाही. गाठ किती खोल गेली आहे हा निकष कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत आला आणि त्याची मदत झाली, पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. कडेवरील इंटरल्युकिन-६, स्टॅट-३ आणि ई-कॅधेरिन यांची एकत्र नोंद खोलीच्या मापात काही भर घालते का? घालत असेल तर किती? आपल्या संशोधनाने विचारायचा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक नेक डिसेक्शनच्या, म्हणजे मानेच्या ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या, अहवालात, ग्रंथींच्या मोजणीत, आधीच लिहिलेले असते.

याउलट लाळेतील पातळीची निरोगी व्यक्तींशी तुलना करणे म्हणजे ताप मोजून मलेरिया ठरवण्यासारखे आहे. हिरड्यांच्या आजारात इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-८ वाढतात. आपल्या कर्करोग रुग्णांपैकी किती जणांच्या हिरड्या निरोगी असतात? तोंड उघडत नाही, ब्रश आत जात नाही, गाठीवर अन्न साचते, जिवाणू वाढतात. आणि निरोगी गट म्हणून आपण कोणाला घेतो? बहुधा महाविद्यालयातील विद्यार्थी आणि कर्मचारी, स्वच्छ दातांचे, निम्म्या वयाचे. मग जो फरक मिळतो तो कर्करोगाचा, हिरड्यांचा, वयाचा, मधुमेहाचा की तंबाखूचा, हे कोणी सांगायचे? सांख्यिकीची कोणतीही कसोटी हा दोष नंतर दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, ज्या विभागांना या विषयावर काम करायचे आहे त्यांनी एक सामाईक कार्यपद्धती ठरवावी आणि प्रत्येक प्रबंध तिचा एक भाग असावा. लाळ घ्यायचीच असेल तर सर्वत्र एकाच वेळी, सकाळी, काही न खाता-चघळता, उद्दीपन न करता घ्यावी, लगेच बर्फात ठेवावी आणि उणे ८० अंशांवर साठवावी. प्रत्येक रुग्णाच्या हिरड्यांची तपासणी दंतपरिवेष्टन विभागाकडून करून तिची नोंद व्हावी आणि तुलनेसाठी कर्करोग नसलेले पण हिरड्यांचा आजार असलेले, त्याच वयाचे, त्याच सवयींचे लोक घेतले जावेत. ऊतीचा अभ्यास गाठीच्या मध्यावर न करता पुढच्या कडेवर व्हावा. ती कड कशी निवडली हे लिहिले जावे आणि दोन जणांनी एकमेकांचे उत्तर न पाहता वाचन करावे. अंतिम उत्तर म्हणून ग्रंथींचा सूक्ष्मदर्शी अहवाल आणि दोन वर्षांतील पुनरुद्भव धरला जावा. तोंडाचा कर्करोग उलटतो तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच.

येथेच आपल्या व्यवस्थेची खरी अडचण येते. एमडीएसचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी आणि नमुने गोळा करणे यांतच पहिली दोन वर्षे जातात, आणि रुग्णाच्या मानेत काय झाले हे कळण्याची वेळ येते तेव्हा विद्यार्थी परीक्षा देऊन निघून गेलेला असतो. यावर उपाय विद्यार्थ्यांना अधिक राबवणे हा नाही. नमुने आणि नोंदवही विभागाच्या मालकीची असावी. पहिल्या विद्यार्थ्याने नमुने जमवून मूळ नोंदी कराव्यात, दुसऱ्याने कडेचे वाचन करावे, तिसऱ्याने पाठपुरावा पूर्ण करून विश्लेषण करावे, आणि तिघांचेही प्रबंध पूर्ण मानले जावेत. समित्यांनी असा प्रस्ताव “अपूर्ण” म्हणून परत पाठवू नये, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. त्याचप्रमाणे फरक आढळला नाही असा निष्कर्ष निघाला तर तो कमी प्रतीचा मानून मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला नमुने वाढवायला लावू नये. इंटरल्युकिन-८ ने मानेचे भाकीत होत नसेल, तर ते कळणेही रुग्णांच्या कामाचे आहे.

अर्जाविषयीही लिहायलाच हवे. बायोप्सीसोबत येणाऱ्या कागदावर कित्येकदा “गालावरील व्रण, डावी बाजू” एवढेच लिहिलेले असते. सवय कोणती, किती वर्षांची, पुडी कोणत्या बाजूला धरत होता, मान तपासली का, मधुमेह आहे का, तोंड किती मिलिमीटर उघडते, यांपैकी काहीही नसते. शल्यचिकित्सकांना मी दोष देत नाही, बाह्यरुग्ण विभागातील गर्दी मी पाहिलेली आहे. पण आपणच एका पानाचा छापील अर्ज करून दिला आणि तो भरल्याशिवाय नमुना स्वीकारायचा नाही असे ठरवले, तर वर्षभरात राज्याकडे अशी माहिती जमेल जी आज कोणाकडेही नाही. गाठीत अरेकोलिनने चेतवलेला दाह आहे की हिरडीच्या जिवाणूंनी, या चर्चेचा अर्धा भाग त्या एका पानावर अवलंबून आहे.

उपचारांच्या बाबतीत मात्र आपण फार जपून बोलायला हवे. दाह कर्करोगाला पसरवतो, म्हणून दाह दाबला की कर्करोग थांबेल, असा सरळ हिशेब मांडण्याचा मोह होतो. त्याला आधार देणारे काही आहे, नाही असे नाही. २०२० मध्ये टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी दाखवले की, पुढच्या टप्प्यातील डोके-मानेच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांनी रुग्णांच्या जगण्याच्या काळाचा मध्यक ७.५ महिने होता, तर शिरेतून दिलेल्या सिसप्लॅटिनने ६.१ महिने. सेलेकॉक्सिब हे दाहाच्या मार्गावरचेच औषध आहे. पण तिथे ते एकटे नव्हते, आणि फायद्याचा किती वाटा त्याचा हे त्या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही. दुसरीकडे, २०१७ मध्ये इंटरल्युकिन-१ बीटाला रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने हृदयरोग्यांच्या एका मोठ्या चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झालेले दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. तेच औषध पुढे प्रत्यक्ष फुप्फुसाच्या कर्करोगावर तपासले, तेव्हा ते अपेक्षेला उतरले नाही.

याचे कारण कडेवरच्या त्या दाटीतच आहे. तिथले सगळेच लिम्फोसाइट गाठीचे मित्र नसतात. त्यांत कर्कपेशी मारणाऱ्या टी-पेशीही असतात आणि त्यांची दाट हजेरी अनेकदा चांगले चिन्ह असते. टीएनएफ-आल्फा पेशीला जगण्याचा संदेश देऊ शकते तसाच मरण्याचाही. मरण्याचा संदेश अमलात आणणाऱ्या कॅस्पेस-८ च्या जनुकात आपल्याकडील गाल-हिरडीच्या कर्करोगात वारंवार बिघाड आढळतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय जनुकीय अभ्यासातही नोंदले आहे. रोगप्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या निवोलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा मुंबईतील त्याच रुग्णालयाने तोंडाने घ्यायच्या औषधांना जोडली, तेव्हा वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. सरसकट सगळा दाह दाबला असता, तर या पेशीही दाबल्या गेल्या असत्या. त्यामुळे आपल्या प्रबंधांच्या शेवटी “म्हणून दाहविरोधी उपचार उपयुक्त ठरतील” हे वाक्य सवयीने लिहिणे थांबवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. हीच वाक्ये पुढे भ्रमणध्वनीवरून फिरतात आणि रुग्ण गालातील चट्ट्यावर हळद लावून महिनोन्महिने घरी बसतो. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील पेशींत एनएफ-कॅपा-बीला रोखते हे खरे आहे, पण पोटातून ते फारच कमी शोषले जाते, आणि गालावरचा न भरणारा व्रण दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर त्याची बायोप्सीच व्हायला हवी.

या कामासाठी फार मोठा निधी लागेल असे मला वाटत नाही. राज्यात आज ज्या किट स्वतंत्रपणे विकत घेतल्या जातात, त्यांचाच खर्च एकत्र केला तर सामाईक अभ्यासाचा बराचसा भार निघेल. ऊतींचे मेणातील ब्लॉक आपल्या कपाटांत पडूनच आहेत, आणि त्यांतील ज्यांच्या नेक डिसेक्शनचे अहवाल उपलब्ध आहेत त्यांच्यावर कडेचे वाचन उद्या सुरू करता येईल, नव्या रुग्णांची वाट न पाहता. अर्थात एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णांच्या ओळखीची गोपनीयता यांत कसूर चालणार नाही.

माझी आपणाकडे तीन ठिकाणी मागणी आहे. विभागप्रमुखांनी या वर्षीच्या सिनॉप्सिसमधून लाळेतील एकाच प्रथिनाची निरोगी व्यक्तींशी तुलना एवढाच हेतू असलेले विषय काढून टाकावेत. मंजुरी समित्यांनी सलग तुकड्यांनी मिळून करायच्या अभ्यासाला मान्यता देण्याची पद्धत लेखी स्वरूपात ठरवावी. आणि ज्यांच्याकडे नेक डिसेक्शनचे जुने ब्लॉक आहेत, त्या विभागांनी आपापल्याकडील संख्या, वर्षे आणि उपलब्ध नोंदी एकमेकांना कळवाव्यात. बायोप्सीच्या अर्जाचा एक पानी मसुदा आणि कडेच्या वाचनासाठी वापरायची गुणपद्धती माझ्याकडे तयार आहे. आपल्या संघटनेच्या राज्य शाखेच्या पुढच्या बैठकीत ती मांडण्यासाठी मला अर्धा तास मिळावा. माझ्या विभागातील ब्लॉक आणि स्लाइड या अभ्यासासाठी खुल्या करण्याची तयारी मी माझ्या संस्थेला लेखी कळवली आहे.

आपली सहकारी,
विदर्भातील एक मुखविकृतिशास्त्रज्ञ